भाषा शाळेचं वर्ष, सान होसेमधलं घर आणि इंग्रजीचा प्रश्न

जय ख्रिस्त. पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय, त्या, त्यांचे मिस्टर आणि दोन मुलं (मुलगी 9 वर्षांची, मुलगा 4 चा) कोस्टा रिकाला सान होसे इथे वर्षभर स्पॅनिश शिकायला येतायत आणि तिथून पुढे होंडुरासला सेवेसाठी जाणार आहेत. प्रश्न असे की घर भाषा शाळेजवळच्या मिशनरी लोकांच्या वस्तीत घ्यावं का, मुलांना इंग्रजी माध्यमात घालावं का, दोघांनीही पूर्ण वेळ शिकायलाच हवं का की मिस्टर शिकले तरी भागेल, आणि वर्ष वाया जाऊ नये म्हणून आल्या आल्या एखाद्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सेवा सुरू करावी का. मी मूळची नगरची, पण बरीच वर्षं सान होसेमध्ये नवीन आलेल्या मिशनरी कुटुंबांना घर बसवून द्यायचं काम करते, भाड्याचं घर बघण्यापासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळं, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, निवांत वाचा.

ताई, तुमच्या चारही प्रश्नांचं मूळ एकच आहे आणि ते म्हणजे इंग्रजी. या वर्षात इंग्रजी तुमच्या घरात किती शिरते यावर बाकी सगळं ठरणार. अमेरिकेतून आलेल्या कुटुंबाला इंग्रजी सोडणं जड जातं कारण ती त्यांची मायबोली आहे, पण आपल्याला तशी काही अडचण नाही, घरात मराठी बोला आणि उंबऱ्याबाहेर स्पॅनिश, मध्ये इंग्रजी हवीच कशाला? पण होतं काय की आपली माणसंही इथे आली की इंग्रजीच्या आधाराने राहायला लागतात, कारण ती इथे फार सहज मिळते.

ती का मिळते ते सांगते. सान होसे हे मिशनरी लोकांचं जुनं ठाणं आहे. स्ट्रॅकन पतीपत्नींनी 1921 मध्ये इथून लॅटिन अमेरिका मिशन सुरू केलं, 1929 मध्ये त्यांचं क्लिनिका बिब्लिका हे हॉस्पिटल उघडलं, ते आजही शहरातलं मोठं हॉस्पिटल आहे. मिशनऱ्यांची भाषा शाळा मात्र आधी कोलंबियात मेदेयिनला 1942 मध्ये सुरू झाली आणि 1950 मध्ये सान होसेला आली. कोस्टा रिकाने 1948 मध्ये सैन्यच बरखास्त केलं, देश शांत, हवा चांगली, त्यामुळे पेरूला जायचं असो नाहीतर ग्वातेमालाला, माणूस आधी वर्षभर इथे थांबून भाषा शिकणार आणि मग पुढे जाणार असा रिवाजच पडला. सान फ्रान्सिस्को दे दोस रिओस या भागात अशी कुटुंबं पिढ्यानपिढ्या येऊन गेलीयत. मागचं कुटुंब जाताना घर, फर्निचर, मोलकरीण, सगळं नव्या कुटुंबाच्या हाती देऊन जातं, इंग्रजीत बायबल स्टडी असतो, मुलांचे वाढदिवस इंग्रजीत होतात, आणि माणसं प्रेमळ असतात हो, अगदी जीव लावतात. पण त्या वर्तुळात वर्ष काढलेली कुटुंबं जाताना परीक्षा पास होऊन जातात आणि पुढच्या देशात गेल्यावर शेजारणीशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता घर बघायला निघाले की पहिलं वाक्य हेच असतं, शाळेपासून पंधरा-वीस मिनिटं लांब घ्या.

तर घराचं उत्तर: शाळेच्या अगदी दारात नको. चालत किंवा एका बसने पोचता येईल असं, पण आजूबाजूला तिकोस, म्हणजे इथले लोक, राहतात असं घर बघा. आणि जमलं तर पहिले तीन-चार आठवडे भाड्याचं घर घेऊच नका, एखाद्या स्थानिक कुटुंबात पेइंग गेस्ट म्हणून राहा. टॉम आणि बेट्टी स्यू ब्रूस्टर हे भाषा कशी शिकावी यावर काम करणारं जोडपं 1970 च्या दशकापासून मिशनऱ्यांना हेच सांगायचं, की उतरल्याबरोबर पहिले काही आठवडे लोकांच्या घरात काढा, तेव्हा जे नातं जुळतं ते नंतर स्वतःचं घर थाटून बसल्यावर तसं जुळत नाही. लहान मुलं घेऊन हे अवघड वाटतं पण खरं सांगायचं तर मुलांमुळेच सोपं होतं, घरातली आजी तुमच्याशी बोलणार नाही इतकं चार वर्षांच्या पोराशी बोलते.

घरमालकाशी भाड्याचा करार स्पॅनिशमध्ये असतो, तो शाळेतल्या शिक्षकांकडून वाचून घ्या. पत्ता कसा असतो ते आधीच सांगते, नाहीतर गोंधळ होईल. इथे रस्त्यांची नावं, घर नंबर फारसे कोणी वापरत नाही, पत्ता म्हणजे "चर्चपासून 200 मीटर दक्षिणेला, 50 पूर्वेला, हिरवं गेट" असा, आणि 100 मीटर म्हणजे मोजून 100 नाही, एक चौक. सान पेद्रो भागात अजूनही "जुन्या इगेरोनपासून" असा पत्ता सांगतात, ते वडाच्या जातीचं झाड केव्हाच गेलंय पण पत्ता राहिलाय. आपल्याकडे पेठांमध्ये लोक अशीच खूण सांगतात त्यामुळे तुम्हाला हे अमेरिकन लोकांपेक्षा लवकर कळेल. शिवाय पत्ता विचारत जाणं हाच पहिल्या महिन्याचा सर्वात चांगला धडा आहे, मोबाईलचा मॅप बंद ठेवून विचारत जा.

आता रोजचा क्रम. क्लास सकाळी असतो, दुपारी माणूस थकून घरी येतो आणि पुस्तक उघडून बसतो, तसं करू नका. त्या दिवशी शिकलेली चार-पाच वाक्यं घ्या आणि रोज त्याच वाटेने त्याच माणसांकडे जा. पुल्पेरिया म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, मग बेकरी, मग केस कापणारा, मग गल्लीचा वॉचमन, मग शेजारीण. आत शिरताना आधी "बुएनास" म्हणायचं, त्याशिवाय वस्तू मागणं इथे उद्धटपणा समजतात. मग तीच वाक्यं: "मी भारतातून आलेय, स्पॅनिश शिकतेय, मला अजून फार येत नाही, उद्या परत येईन." पाचही ठिकाणी तेच. पहिल्या दुकानात अडखळाल, पाचव्या ठिकाणी तोंडात बसलेलं असेल, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक तुम्हाला पुढचं वाक्य शिकवायला तयार बसलेले असतात. दारावर गेलात तर बेल असली तरी लोक बाहेरून "ऊपे!" अशी हाक मारतात, तुम्हीही मारा. रविवारी पहाटे सापोतेची फेरिया भरते, शेतकऱ्यांचा बाजार, उपासनेच्या आधी जाऊन येता येतं. तिथे भाजीवाला "दोस रोखोस" म्हणाला की दोन हजार कोलोन (इथलं चलन) समजायचे. चायोते, युका, अळकुडीसारखा दिसणारा तिकिस्के, पपई, आणि कुलान्त्रो ज्याचा वास आपल्या कोथिंबिरीचाच, असं सगळं मिळतं, डाळीच्या नावाखाली मसूर आणि छोले कुठेही मिळतात, काळे बीन्स तर रोजच्याच जेवणात असतात. मोहरी-हिंग तेवढं घेऊन या.

व्याकरणाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय कारण इथे मराठी माणसाला जो फायदा आहे तो कोणी सांगत नाही. पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली, तिथे प्रत्येक गोष्ट इंग्रजीपेक्षा वेगळी कशी ते समजावलेलं असतं आणि आपण उगाच स्पॅनिशवरून इंग्रजीत, इंग्रजीवरून मराठीत असा द्राविडी प्राणायाम करतो. सरळ मराठीतून या. "मे गुस्ता एल काफे" हे वाक्य समजायला अमेरिकन विद्यार्थ्याला आठवडा लागतो कारण त्याच्या भाषेत "मी आवडतो कॉफी" असा विचार असतो, आपल्याकडे ते आधीपासून "मला कॉफी आवडते" असंच आहे. "मी पुस्तक शोधतेय" पण "मी बाईंना शोधतेय", माणूस आला की आपण "ना" लावतो, स्पॅनिश तिथे "आ" लावते, "बुस्को एल लिब्रो" पण "बुस्को आ ला प्रोफेसोरा". भूतकाळाचे दोन प्रकार ऐकून लोक घाबरतात, पण "काल आम्ही गेलो" आणि "लहानपणी आम्ही जायचो" यातला फरक तुम्ही रोज करताच, पहिलं "फुइमोस", दुसरं "इबामोस". अगदी सबजंक्टिव्ह, ज्याच्या नावाने सगळा वर्ग रडतो, तेही "तू यावंस असं मला वाटतं" यातल्या "यावंस"च्या फार जवळ आहे. उच्चारातही त आणि द आपले दातांवरचेच ठेवा, इंग्रजीसारखा ट-ड करू नका, प म्हणताना हवा सोडायची नाही हे आपल्याला जन्मजात येतं. "सेर" आणि "एस्तार" या दोन "असणं"मध्ये मात्र मराठी फार मदत करत नाही, ते कानानेच बसतं. एक जाड वही करा, डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे स्पॅनिश, इंग्रजीला वहीत जागाच ठेवू नका. इंग्रजी हा पांगुळगाडा आहे, मूल चालायला लागल्यावरही तो सोडला नाही तर पायात जोर येत नाही.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा संस्था आहे तिचा अंदाज असा की इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिशमध्ये कामापुरतं चांगलं यायला साधारण 600 ते 750 क्लासचे तास लागतात. वर्षभराच्या शाळेत तेवढे तास होतात, पण ते क्लासचे तास झाले, गल्लीतले तास वेगळे धरायचे.

आपल्या "तू"साठी पुस्तक स्पॅनिशमधलं "तू"च शिकवेल, पण सान होसेत तो कमी ऐकू येतो. इथे आई आपल्या तान्ह्या लेकरालाही "उस्तेद", म्हणजे एकाला आदराने म्हणायचं "तुम्ही", म्हणते, मित्र एकमेकांना "वोस" म्हणतात. होंडुरासमध्येही "वोस" चालतं, म्हणून उस्तेद आणि वोस यांची रूपं आधी तोंडात बसवा. आणि मिशनऱ्यांसाठी खास सूचना, पवित्र शास्त्र वाचून भाषा शिकणं चांगलंच पण मंडळ्यांमध्ये बहुतेक 1960 चं रेइना वालेरा हे भाषांतर वापरतात, त्यात अनेकांना म्हणायच्या "तुम्ही"साठी "वोसोत्रोस" आहे जे लॅटिन अमेरिकेत बाजारात कोणीच बोलत नाही. मुलाला शाळेतून आणताना "वोसोत्रोस"ची क्रियापदं वापरलीत तर समोरच्याला तुम्ही प्रवचन करताय असं वाटेल. घरी वाचायला "दिओस आब्ला ओय" भाषांतर घ्या, सोपं आहे, शेजारी आपलं मराठी शास्त्र उघडं ठेवा. एखादं शुभवर्तमान आपल्याला पाठ असतं, त्यामुळे शब्दकोश लागत नाही.

मिस्टर शिकले की भागेल का, याला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे आणि या बाबतीत मी कोणाच्याही पाळकसाहेबांशी वाद घालायला तयार आहे. पाठवणारी मंडळी बऱ्याचदा फी एकाचीच देते, बाई मुलांना सांभाळत अर्धा क्लास करते किंवा घरीच "हळूहळू" शिकते. वर्षाच्या शेवटी नवऱ्याचं वर्तुळ तयार झालेलं असतं आणि ती मात्र घर, व्हॉट्सअ‍ॅप आणि इंग्रजी मैत्रिणी यातच अडकते. पुढच्या देशात गेल्यावर डॉक्टरकडे, शाळेच्या मीटिंगला, बँकेत, सगळीकडे नवरा सोबत लागतो. सेवा सोडून परत गेलेल्या ज्या कुटुंबांना मी जवळून पाहिलं त्यात हे कारण वरचेवर होतं, कोणी अहवालात लिहीत नाही एवढंच. म्हणून निघायच्या आधीच मंडळीच्या वडीलमंडळींशी बोलून दोघांचीही पूर्ण फी आणि धाकट्याला सांभाळायचा खर्च बजेटमध्ये घालून घ्या. पैसे खरंच कमी असतील तर निम्मे दिवस तुम्ही पूर्ण क्लास करा, निम्मे दिवस मिस्टर, पण एकाने पुढे आणि एकाने मागे असं नको.

आणि एक, मुलं तुमच्या आधी बोलायला लागतील, सहाव्या महिन्यात मुलगी तुमचे उच्चार सुधारेल. दुकानात तिची मदत घ्या, तिलाही मजा वाटते. पण डॉक्टरकडे, पोलिसांत, पैशाच्या बोलण्यात तिला दुभाषी करू नका, नऊ वर्षांच्या मुलीने आईचं दुखणं डॉक्टरला समजावून सांगायचं हा भार फार मोठा आहे.

आता मुलांच्या शाळेबद्दल. कोस्टा रिकात शाळेचं वर्ष फेब्रुवारी ते डिसेंबर असतं, आपल्या जूनशी जुळत नाही, त्यामुळे तुम्ही कोणत्या महिन्यात पोचता त्यावर मुलगी कुठल्या इयत्तेत बसेल ते ठरेल, एक वर्ष मागे बसवलं तरी वाईट वाटून घेऊ नका. सरकारी शाळा फुकट आहे. इंग्रजी शाळा महाग आणि एका वर्षासाठी निरर्थक, मुलीला तर पुढची कित्येक वर्षं होंडुरासमध्ये काढायचीयत. पहिले दोन-तीन महिने ती गप्प बसेल, कदाचित रडेल, घरी येऊन चिडचिड करेल. त्या काळात घरी मराठी भरपूर, गोष्टी मराठीत, प्रार्थना मराठीत, आजीशी बोलणं मराठीत. मराठी घट्ट असलेली मुलं स्पॅनिशमध्ये लवकर उभी राहतात हा माझा अनुभव आहे, घरीही इंग्रजी-स्पॅनिशची खिचडी सुरू झाली की त्यांचं कुठेच धड होत नाही. आजी-आजोबांच्या फोनचं गणित असं, इथून भारत साडेअकरा तास पुढे, म्हणजे इथे संध्याकाळचे सात वाजले की पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. तीच वेळ ठरवून टाका, दिवसभर फोन हातात नको.

सेवेबद्दल. मंडळी निवडताना एकच अट ठेवा, तिथे कोणाला इंग्रजी येत नसावी. पहिल्या रविवारपासून जा आणि खुर्च्या लावा, कॉफी द्या, शब्बाथशाळेत लहान मुलांच्या वर्गात मागे बसा, तिथली भाषा तुमच्या पातळीची असते आणि गाणी तर तोंडात बसतातच. माईक हातात घेऊ नका, निदान अर्धं वर्ष तरी. तुम्ही परदेशातून आलात म्हणून पास्तोर पहिल्याच महिन्यात प्रवचनाला बोलावतील, सोबत दुभाषी देतील, नम्रपणे नको म्हणा, कारण एकदा दुभाष्यासोबत पुलपिटवर उभं राहिलात की लोक तुम्हाला पाहुणे समजतात आणि पाहुण्यांशी कोणी मोकळं बोलत नाही. इव्हान इलिच या धर्मगुरूने 1961 मध्ये मेक्सिकोत कुएर्नावाकाला मिशनऱ्यांसाठी भाषेचं केंद्र काढलं होतं, तिथे तो येणाऱ्यांना तोंडावर विचारायचा की तुम्ही इथे खरंच हवे आहात का, आणि कित्येकांना परत जा म्हणायचा. त्याची सगळी मतं मला पटत नाहीत पण तो प्रश्न प्रत्येकाने या वर्षात स्वतःला विचारावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं उत्तर शेजाऱ्यांचं ऐकल्याशिवाय मिळत नाही, ऐकायला भाषा लागते.

साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट, मात्र लवकर तयार करा, तीन मिनिटांची, स्वतःच्या स्पॅनिशमध्ये, कारण लोक विचारणारच. भारतातली माणसं आणि ख्रिस्ती, हे इथे अनेकांना नवल वाटतं, कोणी योगा शिकवता का विचारेल. मी अशा वेळी केडगावची गोष्ट सांगते. 1905 मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी त्याबद्दल एक पुस्तिका लिहिली आणि चिलीत वाल्परायसोला असलेल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मे हूव्हर यांना पाठवली. ते वाचून त्यांचे पती विलिस हूव्हर यांच्या मेथडिस्ट मंडळीने प्रार्थनेत तसंच मागायला सुरुवात केली आणि 1909 मध्ये तिथे जे झालं त्यातून चिलीचं पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारं, काम उभं राहिलं. म्हणजे दौंडजवळच्या एका गावातून स्पॅनिश बोलणाऱ्या खंडाकडे काहीतरी आधीच आलेलं आहे. इथल्या साध्या मंडळीतल्या बायकांना ही गोष्ट सांगितली की त्या खुर्ची ओढून जवळ येतात. ही गोष्ट भूतकाळाच्या दोन्ही प्रकारांचा उत्तम सराव आहे, शिक्षकांकडून तपासून घ्या आणि सांगत सुटा.

चौथ्या-पाचव्या महिन्यात एक पडता काळ येतो, सगळ्यांनाच येतो. सुरुवातीची भराभर प्रगती थांबते, दुपारी डोकं दुखतं, उपासनेत निम्मं कळतं आणि निम्मं सुटतं, त्यात तेव्हा पावसाळा असला तर आणखीच, मे ते नोव्हेंबर रोज दुपारी धो धो, कपडे वाळत नाहीत. नेमक्या याच काळात लोक इंग्रजी बायबल स्टडीकडे वळतात. आठवड्यातून एकदा जा, माणसाला मोकळं व्हायला जागा लागते, पण एकदाच. उरलेल्या दिवशी गल्लीची फेरी चुकवू नका, बोलायची इच्छा नसली तरी जाऊन ब्रेड घेऊन या. साधारण महिन्या-दीड महिन्यात ते निघून जातं.

कागदपत्रांचं आत्ताच सुरू करा. जन्मदाखले, लग्नाचा दाखला, यावर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मिळणारा शिक्का, लागते, पोलीस क्लिअरन्सवरही अपोस्टिल लागते. कोस्टा रिका आणि होंडुरास दोन्ही अपोस्टिल मानतात. आपल्या महापालिकेच्या जुन्या जन्मदाखल्यावर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, फक्त आई-वडिलांचं असतं, तसा असेल तर नाव घालून नवीन काढा, आणि सगळ्या कागदांवर आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच आहे ना ते बघा. पोलीस क्लिअरन्स मात्र फार आधी काढू नका, जुना झाला की घेत नाहीत. स्पॅनिश भाषांतर कोस्टा रिकातल्या अधिकृत भाषांतरकाराकडूनच करायचं. पासपोर्टची मुदत भरपूर शिल्लक असलेलीच बरी, कारण कोस्टा रिकासाठी आपल्या वकिलातीचं काम पनामातून चालतं. आणि होंडुरासचा व्हिसा पूर्ण वेगळा धरा, ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा या चौघांची आपसात सोय आहे, पण कोस्टा रिका त्यात नाही, म्हणून इथली राहण्याची परवानगी तिकडे उपयोगी पडत नाही. शाळेची शेवटची टर्म सुरू व्हायच्या आधी तो अर्ज गेलेला असू दे.

मुलीचा शाळेचा दाखला आणि गुणपत्रक मराठीत आहे की इंग्रजीत ते कळवा, आणि पोचायचा महिना ठरला की तोही, म्हणजे तिची इयत्ता आणि पहिल्या काही आठवड्यांसाठी घर, दोन्ही एकदमच बघायला घेते.